सरांना फोन द्या म्हणे!

वायफायचा पासवर्ड बदलायचा होता. एवढंच. नवीन कनेक्शन नको होतं, स्पीड वाढवून नको होता, फुकट काही मागत नव्हते. आणि त्यात माझा अख्खा रविवार नासला.

बदलायचा का, तर नेट जोडायला आलेल्या पोराने पासवर्ड म्हणून माझा मोबाईल नंबर टाकून ठेवला होता. हे लोक सगळीकडे हेच करतात. "मॅडम, लक्षात राहायला सोपा." अरे पण कुणाच्या लक्षात राहायला? मी सोसायटीची सेक्रेटरी. माझा नंबर लिफ्टशेजारच्या बोर्डावर ठळक अक्षरात लावलेला आहे. टँकरवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहे. आणि ज्यांचा नंबर नाही टाकला त्यांचं नाव, मग अ‍ॅट, मग एक दोन तीन. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी नेटवर्कं अशीच उघडतील, पैज लावते. खाली पार्किंगच्या कट्ट्यावर पोरं संध्याकाळभर माझ्या नेटवर मॅच बघतात, आणि वर माझ्या मीटिंगमध्ये लोक ओरडतात, "ताई, आवाज तुटतोय!"

बरं, बदलायचा कुठे? १९२.१६८.१.१ या पत्त्यावर. तो फोनवरच्या सर्चच्या चौकटीत टाकला की फोनला वाटतं बाई काहीतरी शोधतेय. लगेच समोर 'राउटर लॉगिन कसे करावे' अशी पानंच्या पानं, वर-खाली जाहिराती, मध्ये 'येथे लॉगिन करा'चं हिरवंगार बटण. हा पत्ता इंटरनेटवर नसतोच हो! १९९० च्या दशकापासून असले पत्ते आतल्या जाळ्यांसाठी, म्हणजे घरं आणि ऑफिसं यांच्यासाठी, राखून ठेवलेत. तुमच्या भिंतीवरच्या डब्यापर्यंत जायला बाहेरच्या कुठल्याही वेबसाइटची गरज नाही. तरी ही दुकानं चालू आहेत, आणि भोळी माणसं तिथे जाऊन काय काय दाबत असतील देव जाणे. त्यात पत्ताही सगळ्यांचा एक नाही. कुणाच्या शेवटी ०.१, कुणाच्या १.१, कुणाच्या १००.१. मोबाईल डेटा बंद करायचा राहिला तर फोन मध्येच तिकडे पळतो आणि पान उघडतच नाही. हे कुणी सांगतं का? नाही.

एकदाचं उघडलं, तर ब्राउझर लाल अक्षरात बोंब मारतो: तुमचं कनेक्शन खाजगी नाही, कुणीतरी तुमची माहिती चोरत असेल. का, तर राउटरने स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, स्वतःच सही करून ठेवलंय. आता पुढे जायचं तर 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबायचं आणि खालची बारीक ओळ शोधायची. म्हणजे सासूबाईंना मी वर्षभर घोकून घोकून शिकवलं की असं पान दिसलं तर ताबडतोब बंद करायचं. आणि त्या शेजारी बसून बघतायत की सून तेच दाबतेय.

मग युजरनेम आणि पासवर्ड. तो स्टिकरवर. स्टिकर राउटरच्या पाठीवर. राउटर मुख्य दरवाजाच्या वर, लॉफ्टला टेकून, पाठ भिंतीकडे. का? "वायर तिथूनच आत येते मॅडम." स्टुलावर चढले, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने डबा वाकडा केला, आणि फोटो काढायला तिसरा हात नाही. शेवटी लेकाला खांद्यावर घेतल्यासारखं वर केलं तेव्हा फोटो निघाला. फोटोत बघते तर अक्षरं मुंगीएवढी. हे शून्य आहे की ओ? हा एक आहे, एल आहे की आय? जगात इतकी अक्षरं असताना पासवर्डमध्ये हीच घालणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. शिवाय खाली कॅप्चा, तोही वाकडा. थोड्या वेळा चुकलं की राउटर रुसून बसतो, म्हणतो काही मिनिटांनी या. माझ्या घरात, माझ्या विजेवर चालणारा डबा मला म्हणतो नंतर या!

आत गेले. आणि खरा संताप इथून पुढे.

स्टिकरवरचं लॉगिन म्हणजे साधा 'युजर'. त्याला निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत. पासवर्डचा रकाना दिसतो, तेवढी मेहेरबानी. पण चॅनेल, म्हणजे वायफायची हवेतली लेन, करड्या रंगात, हात लावायचा नाही. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय, ते बंद करायचं बटण करडं. डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा ते, तर पानावरच नाही. हे सगळं ज्या 'अ‍ॅडमिन' लॉगिनने होतं त्याचा पासवर्ड कंपनीकडे. फ्लॅट आपण घ्यायचा, हप्ते आपण भरायचे आणि एका खोलीची चावी बिल्डरने खिशात ठेवायची, तसला हा प्रकार.

चॅनेल मला का बदलायचा होता तेही ऐका. वायफायचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; त्यातल्या २.४ वर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. फोनवर एक अ‍ॅप टाकून बघितलं तर अख्खी विंग एकावर एक ६ वर बसलीय, आणि माझा राउटर त्यांच्या मांडीवर. 'ऑटो' म्हणे आपोआप मोकळा चॅनेल निवडतो. निवडला ना, बघतेय मी! वर चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवलेली, म्हणजे शेजाऱ्यांच्याही डोक्यावर पाय. २० केली की गर्दीच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचंच जरा सुधारतं, पण तो रकानाही करडा.

आणि जे करता येतं त्यात काय आहे? बीकन इंटरव्हल. आरटीएस थ्रेशोल्ड. फ्रॅगमेंटेशन. ज्याला हात लावायची कुणालाच गरज नाही ते सगळं मोकळं. सुरक्षेच्या यादीत अजून डब्ल्यूईपी, वायफायचं सगळ्यात जुनं कुलूप! २००१ मध्येच ज्याचे धिंडवडे निघाले ते अजून निवडता येतंय, आणि नवं कुलूप डब्ल्यूपीए३ मात्र नाही. डब्ल्यूपीएस चालू ते चालूच. त्याची पिन आठ आकडी, पण तपासणी दोन तुकड्यांत होते, म्हणून ११ हजार प्रयत्नांच्या आत ती सापडू शकते, हे २०११ च्या डिसेंबरात जगजाहीर झालं. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आज मुलगा शाळेत जातोय आणि ते बटण अजून चालू.

तर लावला फोन कस्टमर केअरला. मराठीसाठी दोन दाबा, दोन दाबलं, पलीकडून हिंदी. सगळं सविस्तर सांगितलं. तो शांतपणे म्हणतो, "मॅडम, घर में सर हैं तो उनको फोन दीजिए ना."

सर! सरांना घरातला राउटर कुठे आहे तेही धड माहीत नाही. नेट गेलं की सर बाल्कनीत जाऊन फोन हवेत धरतात. कनेक्शन माझ्या नावावर, बिल माझ्या खात्यातून, आणि फोन सरांना. मी म्हटलं, भाऊ, सरांना ठेवा बाजूला, अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्या. "वो कंपनी पॉलिसी नहीं है." मग चॅनेल तुम्ही बदला, तुम्हाला तर तिथे बसून राउटरमध्ये शिरता येतं ना? येतं की! त्यासाठी टीआर-०६९ नावाची आख्खी व्यवस्थाच आहे, कंपनीला दुरून सेटिंग बदलायला. त्यावर साहेब म्हणाले, "आप एक बार रिसेट मार दीजिए."

हा यांचा रामबाण. रिसेट मारा. मागच्या भोकात टाचणी घालून दाबून धरा. मारला की पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडायचं, युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं, ते पुन्हा कुणाकडे मिळतं? त्यांच्याकडेच. मग तक्रार नोंदवा, मग पोरगा येणार 'उद्या', आणि तोपर्यंत घर बिननेटचं. आमच्या वरच्या काकांनी यांचं ऐकून मारला होता. तीन दिवस आमच्याकडे येऊन बसायचे.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदा आहे: राउटर गिऱ्हाइकाच्या पसंतीचा, आणि जोडणीला लागणारी सगळी माहिती कंपनीने न मागता द्यायची. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच सोपा फॅक्टरी पासवर्ड देऊन विकायला बंदी, कारण २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असलेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. आणि आमचा पोरगा शिडीवरून विचारतो, "मॅडम, नंबर बोला, पासवर्ड टाकतो."

शेवटी निदान पासवर्ड तरी बदलला. सेव्ह दाबलं, पान पांढरं झालं, आणि घरातलं सगळं एकदम तुटलं. टीव्हीवर नवा पासवर्ड रिमोटच्या बाणांनी, एकेक अक्षर, कॅपिटलसाठी वेगळं बटण. गीझरचा स्मार्ट प्लग फक्त २.४ वर चालतो, फोन ५ वर, दोन्ही नेटवर्कांचं नाव एकच, त्यामुळे प्लग सापडेना. नावं वेगळी करायला पुन्हा आत जा, पुन्हा लाल पान, पुन्हा कॅप्चा. मधल्या काळात सेशन संपलेलं. प्रिंटर अजून जोडलेला नाही, पडू दे तिकडे.

पुढच्या खेपेला पोरगा आला ना, की शिडी मी धरून ठेवणार आहे. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून दिल्याशिवाय खाली उतरू देणार नाही. चहासुद्धा वरच देईन. आणि राउटर माझा मी विकत आणलाय, तो लावायचा, स्टिकर बाहेरच्या बाजूला. त्याला काही शंका असेल तर खुशाल सरांना फोन करू दे.