हिरवं पान टाका म्हणे!
"नॅचरलवाले कस्टमर आहेत, त्यांना सायन्स नको, हिरवं पान टाका आणि केमिकल-फ्री लिहा" हे क्लायंटकडून ऐकून ऐकून डोकं उठलंय राव. झाडपाल्याच्या औषधांच्या डबीवरचा मजकूर आम्ही लिहितो, आणि काय हवं ते सांगणाऱ्या प्रत्येक ब्रीफमध्ये तेच! अरे पाणीसुद्धा केमिकलच आहे, फ्री कशापासून करताय? आणि या लोकांना बावळट का समजता, उलट डबी उलटीपालटी करून बारीक अक्षरं वाचणारे हेच असतात. त्यांना सरळ सांगा ना, की अ‍ॅस्पिरिनचं मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत आहे, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतूनच काढलं आणि त्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळालं, झाडपाल्याचं आणि औषधांचं वैर नाहीच मुळी. पण मग दुसरी बाजूही सांगावी लागते, सेंट जॉन्स वर्ट नावाचं झाडपाल्याचं औषध घेतलं तर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचाही, आणि हे लिहिलं रे लिहिलं की लगेच "निगेटिव्ह वाटतंय, काढा". म्हणजे पान अर्ध्या डबीभर आणि ही ओळ, ठेवलीच तर, तळाशी फिकट करड्या अक्षरात, बारकोडला चिकटून. वर आम्हालाच विचारतात, लोकांचा विश्वास का बसत नाही?