'अँड आय' सगळीकडे चालत नाही: इंग्रजी सर्वनामांविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही महिने गोव्यातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. मुलांची इंग्रजी सर्वनामे पाच मिनिटांत शुद्ध करून देण्याचे आश्वासन त्यात असून त्यासाठी पाच नियम सांगितले आहेत. पहिला नियम असा की, दुसऱ्या कोणाबरोबर स्वतःचा उल्लेख करायचा असेल तर नेहमी 'अँड आय' असेच लिहावे, कारण 'अँड मी' (इंग्रजी 'मी', म्हणजे 'मला') हे अशिक्षितांचे इंग्रजी होय. दुसरा असा की, 'इट इज मी' हे केव्हाही चूकच आणि इंग्रजी भाषा जन्मल्यापासून 'इट इज आय' हेच बरोबर. 'आय' की इंग्रजी 'मी' असा संभ्रम पडल्यास 'मायसेल्फ' लिहावे, ते नम्र दिसते, हा तिसरा नियम. 'हू'पेक्षा 'हूम' प्रतिष्ठित असल्याने शक्य तिथे तेच वापरावे, हा चौथा. पाचवा नियम माझ्या मते सर्वांत घातक आहे: मराठी-कोंकणीत विचार करणाऱ्या मुलाला इंग्रजी सर्वनामांची विभक्ती कधीच येणार नाही, म्हणून घरात या भाषा बोलणे थांबवावे.

मी तिसवाडीतील एका विद्यालयात बावीस वर्षे इंग्रजी शिकवते आहे. माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांनी हा संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, 'टीचर, घरात मराठी बोलणे बंद करू काय?' त्यांच्या प्रश्नात खरी काळजी होती, म्हणून या पाचही विधानांना नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानापासून आरंभ करते, कारण वह्यांत सर्वाधिक चुका तेच घडवते आहे आणि त्याचा उगम समजून घेण्यासारखा आहे. लहान मुले 'मी अँड माय ब्रदर वेंट' असे म्हणतात आणि शिक्षक त्यांना 'माय ब्रदर अँड आय वेंट' असे सुधारून देतात. ही सुधारणा योग्यच असते. मात्र तीत दोन वेगळ्या गोष्टी एकदम शिकवल्या जातात: एक शिष्टाचाराची, म्हणजे स्वतःचा उल्लेख शेवटी करावा, आणि दुसरी व्याकरणाची, म्हणजे कर्त्याच्या जागी 'आय' यावे. मुलाच्या मनात या दोहोंचे मिश्रण होते आणि 'अँड'च्या पुढे 'मी' आले की ते चूकच, एवढेच लक्षात राहते. पुढे कर्माच्या जागीसुद्धा ते मूल निःशंकपणे 'अँड आय' लिहू लागते.

याचे उदाहरण माझ्यासमोर गेल्या पावसाळ्यात आले. चोडणहून रोज फेरीबोटीने रायबंदरला येणाऱ्या एका मुलीने उशीर का झाला याविषयीच्या परिच्छेदात लिहिले होते, 'द फेरी लेफ्ट माय ब्रदर अँड आय ऑन द जेट्टी.' वहीत आधी 'अँड मी' लिहिलेले दिसत होते. ते खाडाखोड करून वर 'आय' केले होते. म्हणजे तिचा कान बरोबर होता आणि कानावर तिने विश्वास ठेवला नव्हता. मी तिला वाक्यातून भावाला काढून टाकायला सांगितले. 'द फेरी लेफ्ट आय' असे वाचताच ती स्वतःच थांबली. मग तेच वाक्य घरच्या भाषेत सांग म्हटल्यावर ती पटकन म्हणाली, 'फेरीबोट म्हाका आनी म्हज्या भावाक धक्क्यार सोडून गेली.' 'हांव', म्हणजे कर्त्याचे 'मी', तिच्या तोंडी आले नाही, 'म्हाका' आले. जिथे कोंकणीत 'म्हाका' आणि मराठीत 'मला', तिथे त्या वाक्यात इंग्रजी 'मी' हवे, आणि भावाच्या उपस्थितीने त्यात काहीही फरक पडत नाही.

इथे मराठी भाषकांना फसवणारी एक जागा आहे. 'बिट्वीन यू अँड आय' ही चूक आपल्याकडे फार आढळते, आणि तिच्यामागे केवळ तो अर्धवट नियम नसून आपल्याच भाषेतील एक सोय आहे, असे मला वही तपासताना वारंवार जाणवले आहे. मराठीत आपण 'तुझ्यामाझ्यात' असे म्हणू शकतो आणि 'तू आणि मी यांच्यात' असेही म्हणू शकतो. दुसऱ्या रचनेत 'तू' आणि 'मी' प्रथमेतच, म्हणजे कर्त्याच्या मूळ रूपातच, राहतात आणि विभक्तीचे सगळे ओझे शेवटचे 'यांच्यात' एकटेच उचलते. इंग्रजीत असे ओझे उचलणारे 'यांच्या' नाही. तिथे प्रत्येक सर्वनामाला आपापले रूप स्वतःच बदलावे लागते, म्हणून 'बिट्वीन यू अँड मी' हेच बरोबर ठरते. 'यू'चे रूप दोन्हीकडे सारखेच असल्याने तिथे काही दिसत नाही, पण 'मी'च्या ठिकाणी ते उघड होते. मराठीतील 'तुझ्यामाझ्यात' हा शब्द मनात धरला की ही चूक होत नाही, कारण त्यात दोघांचेही सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययापूर्वी बदललेले रूप, झालेले असते. 'मीबरोबर' किंवा 'तोसाठी' असे कोणी म्हणत नाही. शब्दयोगी अव्ययापूर्वी 'माझ्या' आणि 'त्याच्या' अशी रूपे होतात. इंग्रजीत ते अव्यय शब्दाच्या आधी येते, इतकाच फरक आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की 'बिट्वीन यू अँड आय' ही रचना इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या तोंडीही आढळते आणि ती फार जुनी आहे. शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या पत्रात ती आहे. म्हणून ती लिहिणाऱ्या मुलाला मूर्ख समजण्याचे कारण नाही. परंतु आजच्या लिखित प्रमाण इंग्रजीत ती चूक मानली जाते, आणि संदेशाने तर तिलाच शुद्धतेचा नमुना ठरवले आहे.

दुसऱ्या विधानातील 'इंग्रजी भाषा जन्मल्यापासून' हे शब्द इतिहासाला धरून नाहीत. प्राचीन इंग्रजीत हीच गोष्ट 'मी ते आहे' अशा क्रमाने सांगत असत, आणि 'इट इज आय' ही रचना पुढे टप्प्याटप्प्याने घडत गेली. 'असणे' या क्रियापदाच्या पुढेही प्रथमाच हवी हा नियम रॉबर्ट लाउथ यांनी 1762 च्या आपल्या व्याकरणात ठामपणे मांडला, आणि 1795 मध्ये आलेल्या लिंडली मरे यांच्या शालेय व्याकरणाने तो घरोघरी पोहोचवला. बोलणारे लोक त्याही आधीपासून 'इट इज मी' म्हणत आले आहेत. दारावर थाप मारल्यावर आतून कोण म्हणून विचारले गेले तर 'इट्स मी' हे आज पूर्णपणे प्रतिष्ठित उत्तर आहे. औपचारिक लेखनात, विशेषतः पुढे 'हू' येत असेल तेव्हा, 'इट वॉज आय हू रोट द लेटर' असे लिहावे, असे मी मुलांना सांगते. दोन्हींना आपापली जागा आहे.

सर्वनामांची रूपे अचल नसतात याचा सर्वांत स्पष्ट पुरावा 'यू' हाच आहे. पूर्वी अनेकवचनी कर्त्यासाठी 'यी' आणि कर्मासाठी 'यू' अशी दोन रूपे होती. 1611 च्या इंग्रजी बायबलात योहानाच्या आठव्या अध्यायात 'यी शॅल नो द ट्रूथ, अँड द ट्रूथ शॅल मेक यू फ्री' असे वाक्य आहे. एकाच वाक्यात कर्ता 'यी' आणि कर्म 'यू'. पुढे 'यी' मागे पडले आणि कर्माचेच रूप कर्त्याच्या जागी येऊन बसले. मराठीलाही असा अनुभव आहे. तृतीयेचे 'म्यां' हे वेगळे रूप एके काळी लिहिले जात होते. आज 'मी आंबा खाल्ला' यात 'मी' हेच रूप ते काम करते. कोंकणीने मात्र 'हांव' आणि 'हांवें' हा भेद राखला आहे. भाषा कुठे भेद सोडते आणि कुठे जपते हे तिच्या बोलणाऱ्यांवर अवलंबून असते, हे ज्याला आपल्या भाषेत दिसले आहे, त्याला इंग्रजीतही ते दिसते.

तिसऱ्या विधानाला फार जागा देण्याची गरज नाही. 'मायसेल्फ' म्हणजे 'स्वतःला' किंवा 'स्वतः'. वाक्याचा कर्ता 'आय' असेल आणि क्रिया पुन्हा त्याच्यावरच येत असेल, किंवा 'मी स्वतः' असा भर द्यायचा असेल, तेव्हाच ते यावे. 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' याचे मराठी 'कृपया स्वतःला संपर्क करा' असे होते आणि ते कोणीही लिहिणार नाही. नम्रता दाखवायला 'प्लीज' पुरेसे आहे.

'हूम'विषयी थोडे अधिक सांगावे लागेल, कारण प्रतिष्ठेच्या ओढीने केलेली चूक इथे ओळखणे कठीण जाते. 'कोण' विचारायचे असेल तर 'हू' आणि 'कोणाला' विचारायचे असेल तर 'हूम', एवढा मूळ भेद आहे. उत्तरात 'ही' येत असेल तर प्रश्नात 'हू', आणि 'हिम' येत असेल तर 'हूम'. शेवटचा 'म' दोहोंत सारखा आहे हे मुलांच्या चांगले लक्षात राहते. बोलताना प्रश्नाच्या आरंभी कर्मासाठीही 'हू' सर्रास चालते, त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण 'टू' किंवा 'फॉर' लगेच आधी आले असेल तर लिखाणात 'हूम'च शोभते. कार्यालयीन दाखल्यावरील 'टू हूम इट मे कन्सर्न' सर्वांच्या परिचयाचे आहे. याउलट 'द मॅन हूम वी थॉट वॉज द हेडमास्टर' हे भारदस्त वाटले तरी चूक आहे. मराठीत दोन वाक्ये शेजारी ठेवा: 'जो मुख्याध्यापक आहे असे आम्हाला वाटले, तो' आणि 'ज्याला आम्ही मुख्याध्यापक समजलो, तो'. पहिल्यात 'जो' आहे, म्हणून 'हू वी थॉट वॉज'. दुसऱ्यात 'ज्याला' आहे, म्हणून 'हूम वी टुक फॉर'. ज्या भेदाजवळ अनुभवी इंग्रजी लेखकही अडखळतात, तो मराठी आपल्याला 'जो' आणि 'ज्याला' या दोन शब्दांत हातात देते.

आता पाचवे विधान. मराठी-कोंकणीत वाढलेल्या मुलाला इंग्रजी सर्वनामे येणार नाहीत, हे म्हणणे मुळापासून चुकीचे आहे. इंग्रजी नामांना कर्ता आणि कर्म यांसाठी वेगळी रूपे उरलेली नाहीत. मोजक्या सर्वनामांतच तो भेद शिल्लक आहे. आपले मूल मात्र शाळेत जाण्यापूर्वीच 'तो', 'त्याने', 'त्याला', 'त्याचा', 'त्याच्यात' ही रूपे अचूक वापरत असते. पाठ्यपुस्तकात 'स, ला, ते' हे प्रत्यय द्वितीयेला आणि चतुर्थीलाही सारखेच सांगितलेले असतात. इंग्रजीतही 'हिम' हे एकच रूप 'त्याला पाहिले' आणि 'त्याला दिले' या दोन्ही ठिकाणी चालते. सात विभक्ती सांभाळणाऱ्या मुलाला दोन-तीन रूपांची भीती घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मातृभाषेमुळे काही अडचणी येतात हे मी नाकारत नाही. इंग्रजी 'मी' कानाला आपल्या 'मी'सारखेच लागते, आणि अर्थ मात्र 'मला'. इंग्रजी 'ही' पुरुषासाठी, आपली 'ही' स्त्रीसाठी. पहिलीदुसरीतील मुले इथे गोंधळतात. मोठ्यांना गोंधळवणारी जागा वेगळी आहे: 'मला भूक लागली', 'मला आवडते', 'मला जायचे आहे' या वाक्यांत 'मला' असूनही इंग्रजीत 'आय' येते, कारण अनुभव घेणाऱ्याला मराठी चतुर्थीत ठेवते आणि आजची इंग्रजी त्याला कर्ता करते. जुन्या इंग्रजीतही आपल्यासारखीच पद्धत होती. 'मीथिंक्स' या जुन्या शब्दाचा अर्थ 'मला वाटते' असाच आहे. तुलनेत आणखी एक खाच आहे. 'शी लाइक्स हिम मोअर द्यान आय' (मला तो जितका आवडतो त्याहून तिला अधिक) आणि 'द्यान मी' (तिला मी जितकी आवडते त्याहून तो अधिक) यांचे अर्थ लेखनात वेगळे ठरतात, तर मराठीत 'माझ्यापेक्षा' हे एकच रूप दोन्हीकडे येते. पण या अडचणी मोजक्या आहेत, आणि घरची भाषा बंद केल्याने त्या सुटत नाहीत. आपली भाषा कुठे वेगळी वळते हे दाखवून दिल्यानेच सुटतात.

हे उलट्या दिशेनेही घडले आहे, आणि इथे गोव्यातच घडले आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले, ते 1616 मध्ये छापून झाले. आणि त्यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये राशोल येथे प्रसिद्ध झाले. इंग्रजीत वाढलेला माणूस आपली सगळी विभक्तिरूपे शिकून त्यांत काव्य रचू शकला, तर आपल्या मुलांना 'ही' आणि 'हिम' यांतील भेद अशक्य कसा असेल?

त्या वडिलांना मी कळवले की घरात मराठी चालूच ठेवा आणि तिचाच उपयोग करा. मुलीने रोज रात्री इंग्रजी गृहपाठातील पाच वाक्ये मराठीत मोठ्याने म्हणावीत. सर्वनामाला 'ला' लागले किंवा त्याच्यापुढे शब्दयोगी अव्यय आले की इंग्रजी वाक्यात त्या जागी पेन्सिलीने खूण करावी आणि तिथे 'मी', 'हिम', 'हर', 'अस', 'देम' यांपैकी रूप आहे का ते पाहावे. आणि 'मला'च्या पुढे वाटणे, आवडणे, लागणे, येणे किंवा हवे असणे यांपैकी काही आले, तर ती खूण पुसून 'आय' लिहावे.