सरकारी नोकरीत बायका जास्त झाल्या म्हणे, पण मोजताय कुणाला?

भरतीची यादी लागली की आमच्या सोलापूरच्या शाळेच्या ग्रुपवर ठरलेलं रडगाणं सुरू, 'काय बे, सगळ्या जागा पोरींनाच, आमच्या पोरांनी काय बोंबलत फिरायचं का'. मी इथं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला बसून वाचते आणि डोकं फिरतं.

अरे, ३० टक्के समांतर आरक्षण आहे ते, १९९४ च्या महिला धोरणापासूनचं, आणि ते प्रत्येक प्रवर्गाच्या आतच असतं, बाहेरून कुणाच्या ताटातलं काढून देत नाहीत. बाकीच्या जागांवर पोरगी मार्कांवर आली तर तो तिचा गुन्हा आहे का? वर बघितलं तर राज्य झालं १९६० ला आणि पहिल्या महिला मुख्य सचिव सुजाता सौनिक २०२४ मध्ये, पहिल्या महिला पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला पण त्याच वर्षी. चौसष्ट वर्षं गेली की यात.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. माझी मावशी अक्कलकोट तालुक्यात अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं, पोषण आहार, गरोदर बायकांच्या नोंदी, ते सगळं परत मोबाईलवर भरायचं, २०२४ ला लाडक्या बहिणीचे फॉर्मपण ह्यांनीच भरले, एका फॉर्ममागे ५० रुपये ठरवून. आशाताईंचं तसंच. ही सगळी कामं सरकारची, करणाऱ्या सगळ्या बायका, पण त्या सरकारी कर्मचारी नाहीत, कारण त्यांना पगार नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, आणि तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका कर्मचारी म्हणून घ्या म्हणत संपावर बसल्याच.

इथं माझी लेक ज्या बालवाडीत जाते ती नगरपालिकेची. तिथल्या बाईंना महिन्याचा पगार, पेन्शन, आजारपणाची रजा, युनियन, सगळं आहे. इथं स्वर्ग आहे असं नाही हां, बालवाडी आणि म्हाताऱ्यांची देखभाल इथंही बायकांच्याच गळ्यात, पगारही इंजिनिअरच्या मानाने कमीच, आणि पुरुष या कामात कसे आणायचे यावर चर्चा चालूच असते. पण ती नोकरीच आहे का नाही, हा वाद कुणी घालत नाही.

ग्रुपवर लिहिलं की टक्का काढायचाच तर सेविका आणि आशा धरून काढा. लगेच एकाचं उत्तर, 'ते वेगळं गं, ती काय सरकारी नोकरी थोडीच आहे.' मग बीएलओ म्हणून मतदार यादीच्या कामाला त्यांना कोण जुंपतं, तुझा काका का?

माझं म्हणणं, आधी ह्यांना रीतसर पदावर घ्या, मग बायका किती नि पुरुष किती ते मोजा. बायकांचा टक्का एकदम वर जाईल, ग्रुपवर अजून बोंब होईल, होऊ दे.