कॅल्क्युलेटर घरी ठेवा

बारावीचा निकाल लागला आणि पोरगी म्हणाली, "मला आर्ट्स अँड मीडिया मॅनेजमेंट करायचंय." दचकू नका. "म्हणजे नेमकं काय?" असंही विचारू नका, ते तिलाही तिसऱ्या वर्षीच कळणार आहे.

कॉलेज बघायला जाताना कॅल्क्युलेटर तेवढा घरी ठेवा. भाचीबरोबर गेलो तेव्हा माझी तीच चूक झाली. काउन्सेलर मॅडमनी माहितीपत्रक पुढं सरकवलं. मुखपृष्ठावर ड्रोन, आत ड्रोन, मलपृष्ठावरही ड्रोन. फी विचारली तर एका सेमिस्टरची सांगितली, तीही 'फक्त' लावून. मी मुकाट सहानं गुणलं. मग स्टुडिओ फी, इंडस्ट्री व्हिजिट आणि ब्लेझर त्यात मिळवलं. ब्लेझर! कोल्हापुरात, मे महिन्यात.

"शिकवायला कोण असतं?"

"व्हिजिटिंग फॅकल्टी. सगळे मुंबईचे."

"किती वेळा येतात?"

मॅडम आम्हाला सेल्फी पॉइंट दाखवायला घेऊन गेल्या. स्टुडिओला कुलूप होतं. किल्ली सरांकडं, सर मुंबईत.

दारावर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची 'ए प्लस' दिसली की हात जोडा आणि आत शिरा. ती श्रेणी सबंध संस्थेची असते, गेल्या वर्षी उघडलेल्या तुमच्या कोर्सची नव्हे, असले कोते विचार मनात आणायचे नाहीत. पदवीवर शिक्का कुठल्या विद्यापीठाचा, हेही विचारू नका. 'सहकार्यानं' हा शब्द पुरेसा भारदस्त आहे. विद्यापीठांवर देखरेख ठेवणारं यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी काढतं, ती तर उघडूच नका. आपल्या विद्यापीठाचं नाव सापडलं नाही तर उगाच जेवण जात नाही. आणि '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' यातला शेवटचा शब्द डोळे मिटून वाचावा.

कुणीतरी शहाणा सांगेल, आपल्या शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, संगीत-नाट्यशास्त्राचा आहे, तिथं चौकशी करा. हसून सोडून द्या. १९६२ सालचं विद्यापीठ, त्यात केएमटीनं जाता येतं. जिथं सिटी बस जाते, ते कसलं करिअर?

तसं या गावाचं जुनं रेकॉर्डही खराबच आहे. मूकपटांच्या काळात सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवला, ब्लेझरशिवाय. १९२९ साली इथं निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला गेली आणि तिच्याच जागेत आज एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. म्हणजे कोल्हापूरनं माल पुण्याला धाडायची रीत जुनीच; आपण फक्त आता सोबत फीही धाडतो.

भाचीचं सांगायचं तर गेल्या गणपतीत मंडळाचं पावती पुस्तक तिच्याकडं होतं. वर्गणी गोळा केली, फ्लेक्सवाल्याला भाव पाडायला लावला, पोलीस परवानगीसाठी चार हेलपाटे घातले, मिरवणुकीचं लाइव्ह मोबाइलवरून केलं आणि शेवटी हिशेब असा चोख लिहिला, की अध्यक्षांना एक रुपया इकडचा तिकडं करता आला नाही. ते तिच्यावर अजून नाराज आहेत. पण याला मॅनेजमेंट म्हणता येत नाही, फी कुठं भरली होती?

म्हणून परवा ब्लेझरचं माप देऊन आलो. शिंप्याला जरा ऐसपैस शिवायला सांगितलंय. तीन वर्षं काढायचीत.