हळदीचे ठिपके, सिंकची काळी कड आणि माझं एक चुकलेलं वाक्य

फोंड्याच्या ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि सोबतचा फोटो मोठा करून पाहिला. माझ्या लेखातलं ‘ग्रॅनाइटला डाग पडत नाहीत’ हे वाक्य वाचून तुम्ही ओट्याला काश्मीर व्हाइट हा पांढरा ग्रॅनाइट बसवलात. सहा महिन्यांत शेगडीजवळ हळदीचे ठिपके उमटले आणि सिंकभोवती चार बोटं रुंद काळपट पट्टा आला. गोव्याच्या दमट हवेत हा परका दगड टिकणारच नाही, मी सरळ क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड, घ्या असं लिहायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं.

ते वाक्य चुकलंच, ताई. डिचोलीत माझ्या घरी काळा ओटा आहे. आठ वर्षांत त्याच्यावर बांगड्याचं हुमण सांडलं, सोलांचं पाणी रात्रभर राहिलं, व्हिनेगरची बाटली आडवी झाली, तरी खूण म्हणून राहिली नाही. तेवढ्यावरून मी सगळ्या ग्रॅनाइटबद्दल बोलून गेले. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. तुमचे पैसे त्यात गेले, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

आता ते वाक्य का चुकलं ते सांगते. ग्रॅनाइट हे बाजारात एका दगडाचं नाव राहिलेलं नाही. जो कठीण दगड आरशासारखी पॉलिश घेतो तो सगळा ग्रॅनाइट म्हणूनच विकला जातो. माझा काळा ओटा भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइटच नाही. काळा म्हणून मिळणारा बराचसा माल डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा असतो. आंध्रातल्या चिमकुर्तीहून येणारा, सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सीसुद्धा त्याच कुळातला. हे दगड घट्ट असतात, पाणी जवळजवळ पीत नाहीत. तुमच्या काश्मीर व्हाइटचा काश्मीरशी काही संबंध नाही, तो तामिळनाडूतून येतो. त्यातले ते सुंदर तांबडे दाणे गार्नेटचे. दिसायला देखणा, पण अंगाने सच्छिद्र. तेल त्याच्यात झिरपतं, आणि हळदीचा रंग तेलात विरघळत असल्याने तेलाबरोबर तोही आत उतरतो.

परका दगड म्हणालात, तेवढं मात्र मला पटलं नाही. आपली घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, म्हणून तसं वाटतं खरं. पण पाळोळेच्या किनाऱ्यावरचे खडक आणि पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर ग्रॅनाइटच्याच जातकुळीतले आहेत. हवा दगडाला मारत नाही. आपला पावसाळा त्रास देतो तो वेगळ्या वाटेने, आणि तुमचा सिंकभोवतीचा पट्टा त्याच वाटेने आलाय, असं मला फोटोवरून वाटतं.

ओट्याची फक्त वरची बाजू आणि पुढची मोल्डिंगची कड पॉलिश केलेली असते. सिंकसाठी जो चौकोन कापतात, त्याच्या आतल्या कडा कटरने कापलेल्या तशाच खरखरीत राहतात. सिंक आणि दगडामधली फट बुजवणारं सिलिकॉन एका ठिकाणी जरी सुटलं, तरी भांडी घासताना पाणी तिथून कडेला लागतं आणि दगड ते वातीसारखं ओढून घेतो. उन्हाळ्यात निदान रात्रीतून थोडं वाळतं. जून ते सप्टेंबर वाळायला सवडच मिळत नाही, म्हणून पट्टा दर आठवड्याला बोटभर पुढे सरकलेला दिसतो. त्यातच हलक्या रंगाचा दगड खाली करड्या सिमेंटच्या मालावर बसवला असेल, तर खालूनही ओल चढते आणि काळसर छटा वर येते. पांढऱ्या दगडाला पांढरं सिमेंट किंवा दगडासाठी मिळणारं पांढरं ॲडहेसिव्ह वापरायला हवं, हे मिस्त्रीला आधीच बजावून सांगावं लागतं. मी लेखात ते लिहिलंच नव्हतं, हीसुद्धा माझीच उणीव.

म्हणून आत्ता घाई करू नका. ओल्या दगडावर सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण, मारलात तर ओल आतच कोंडेल. चवथ होऊ दे, पाऊस सरू दे. मग जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, ती बाजू आठ-दहा दिवस वापरू नका, पंखा लावून ठेवा. पट्टा फिका होत गेला तर ते पाणीच होतं. कोरडं झाल्यावर आधी आतल्या कडांना, मग वरून दगडात मुरणारा सीलर लावा आणि सिलिकॉन नव्याने भरा. हळदीच्या ठिपक्यांसाठी खाण्याचा सोडा आणि मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून दाटसर लेप करा, डागावर थापा, वर प्लास्टिक लावून चोवीस तास ठेवा. एकदा सगळं निघणार नाही, दोन-तीनदा करावं लागेल. आधी शेगडीमागच्या कोपऱ्यात करून बघा. टॉयलेट साफ करायचं ॲसिड मात्र कुणीही सांगितलं तरी लावू नका. दगडातल्या लोहाला ते गंज आणतं, आणि तो पिवळेपणा मग जात नाही.

क्वार्ट्झबद्दल तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. तो पाणी पीत नाही, सीलर लागत नाही, हळदीचा त्रास बराच कमी. पण तो दगडाचा चुरा रेझिनने बांधलेला असतो. कढई शेगडीवरून उतरवून थेट ओट्यावर ठेवायची आपली सवय, आणि त्या उष्णतेने रेझिन करपतं. तो डाग कशानेच निघत नाही. पश्चिमेच्या खिडकीखाली ओटा असेल तर उन्हाने पिवळटही पडतो. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. क्वार्ट्झमध्ये सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असू शकतं, आणि तो कोरडा कापताना उडणारी धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत बसते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच, प्रमाण कमी. म्हणून दगड कुठलाही असो, कापणाऱ्याला पाणी सोडूनच कापायला लावा. अंगणात पांढऱ्या धुरळ्यात नाकाला रुमाल बांधून बसलेला पोरगा दिसला, की मला घराचं कौतुक करवत नाही.

स्नानगृहात बेसिनखाली तुमचाच दगड चालला असता. तिथे तेल नाही, हळद नाही.

तुमच्या बहिणीचं घर बांधायला काढलंय असं तुम्ही लिहिलंय, तिच्यासाठी हे सांगते. यार्डात उभ्या स्लॅबवर बोट फिरवून रंग निवडू नका. जी स्लॅब घ्यायची तिचाच हातभर कापलेला तुकडा मागा आणि घरी न्या. मी पणजीच्या भावजयीसाठी तीन तुकडे आणले होते. प्रत्येकावर आधी पाण्याचा एक थेंब ठेवला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसले. काळ्यावरचा थेंब मोत्यासारखा तसाच होता. करड्यावर पुसल्यानंतर पुसट वर्तुळ राहिलं, ते अर्ध्या तासात गेलं. पांढऱ्यावर थेंब पसरून बसला होता, खालचा दगड घामेजल्यासारखा गडद झाला आणि दुपारपर्यंत तसाच राहिला. मग रात्रभर हळद घातलेलं खोबरेल, सोलांचं पाणी आणि लिंबाची फोड ठेवली. लिंबाखाली चकाकी गेली तर तो चुन्याच्या जातीचा दगड. कडप्प्याला असंच होतं. काळा घेताना पांढऱ्या कापसावर ॲसिटोन घेऊन जोरात घासा. एका यार्डात मी तसं घासलं तेव्हा बोळा काजळासारखा काळा झाला, कारण करड्या दगडाला रंग देऊन काळा म्हणून उभा केला होता. विकणाऱ्याने तुकडा द्यायला नकार दिला तर तिथून दगड घेऊ नका.

तुम्ही विचारलंत की मला कुणी दुकानदार पैसे देतो का. नाही देत. कधी घेतले नाहीत.

एक करा, ताई. सिंकखालच्या कपाटातली भांडी बाजूला काढून मोबाइलचा टॉर्च लावा आणि कापलेल्या कडेचा खालून फोटो काढून पाठवा. कड ओली आहे की कोरडी, एवढंच मला पाहायचंय. ती कोरडी निघाली तर माझा पाण्याचा अंदाज चुकलेला असेल, आणि मग खालच्या सिमेंटकडे बघावं लागेल.