बिबड्यांच्या डब्यात थायरॉईडची गोळी

अमळनेरला ताईकडे गेले होते, परतीच्या एसटीत बसून हे टाईप करतेय. गाडी आदळतेय, डोकंही तापलेलं आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

भाचीला बघायला आज धुळ्याची मंडळी येणार होती. दोन दिवस घरात नुसती आवराआवर. सकाळी पोरगी कपाटं उघडतेय, बंद करतेय. म्हटलं काय शोधतेस गं? तर हळूच म्हणे, "मावशी, माझी गोळ्यांची डबी." ती डबी सापडली कुठे? माळ्यावर, बिबड्यांच्या (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) डब्यात! ताईने लपवली होती. पाहुण्यांनी पाहिली तर म्हणतील, पोरीला या वयात गोळ्या लागल्या.

वर पत्रा, मे महिना, खान्देशातलं ऊन. या थायरॉईडच्या गोळीला उष्णता चालत नाही, उन्हापासून लांब, कोरड्या जागी ठेवायची असते. आणि ती पत्र्याखाली भाजतेय. आता मान्य, या गोळीचा असर अंगात बरेच दिवस टिकतो, दोन दिवस चुकल्याने आभाळ कोसळत नाही. पण चोरी केल्यासारखी का लपवायची? शुगरची गोळी आपण चारचौघांत जेवणाच्या ताटाशेजारी ठेवतो की!

आणि एवढं करून झालं काय? मुलाची आत्या पोह्यांवर शेव पसरत म्हणाली, "मुलगी छान आहे, फक्त जरा अंगाने भरलेली वाटते." मुलगा शेजारीच बसला होता. त्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण कधी उडेल याची मला धास्ती. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

माझं स्वतःचं थायरॉईडचं निदान झालं तेव्हाची गोष्ट सांगते. अंग जड, केस गळतायत, भर दुपारी झोप, जळगावच्या उन्हाळ्यातही पंखा नको वाटायचा. लग्नातले ब्लाउज एकही दंडात शिरेना. गल्लीतल्या टेलरकाकूंकडे गठ्ठा घेऊन गेले. तोवर घरीदारी सगळ्यांचं ऐकून झालं होतं. सासरची एक जण तर हळदीच्या मांडवात ओरडली होती, "माय वं, कितली जाडी व्हई गयी तू!" टेलरकाकूंनी ब्लाउज उलटा केला, शिवणीतलं जादा कापड बोटाने चाचपलं आणि एवढंच विचारलं, "दोन बोटं माया आहे. सोडू का?" बस. भात सोडा नाही, पहाटे चाला नाही, काय झालं म्हणूनसुद्धा नाही.

मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

आता जे मला डॉक्टरांनी सांगितलं आणि जे कुणीच ऐकून घेत नाही ते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करते म्हणून वाढणारं वजन साधारण 2 ते 5 किलो, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. चरबी कमीच. गोळी म्हणजे जे हार्मोन ग्रंथी पुरेसं बनवत नाही, तेच बाहेरून देणं. ती वजन उतरवायची गोळी नाही! टीएसएच (थायरॉईडसाठी रक्तात तपासतात तो आकडा) जागेवर आला की थकवा जातो, फुगलेपण थोडं उतरतं, पण पुढचं वजन जगाचं जसं उतरतं तसंच, हळूहळू. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, त्याआधी रिपोर्ट घेऊन काही कळत नाही. आणि गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या तर चार तास लांबच.

हो, माझं वजन 5 किलोपेक्षा जास्त वाढलं होतं. बाकीचं शेवभाजीच्या तर्रीचं आणि भरितात ओतलेल्या तेलाचं, सगळं थायरॉईडच्या नावावर खपवत नाही मी. मेहरूण तलावाला चकरा मारते, कळण्याच्या भाकरीसोबत डाळ वाढवली, पुऱ्या मोजून खाते. उतरलं थोडं. थोडंच. बाकीच्या ब्लाउजांची माया अजून सोडलेलीच आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

पण ज्यांना वाटतं त्यांचं काय करायचं? एकीने सल्ला दिला, "एकाऐवजी दोन गोळ्या घे, झटकन उतरतं." अगं बाई! जास्त डोसने छाती धडधडते, हाताला कंप सुटतो, पुढे हाडं ठिसूळ होतात. कुणी म्हणे कोबी-फ्लॉवर कायमचे बंद. अहो, शिजवून, रोजच्या माणसासारखे खाल्ले तर काही होत नाही. आणि ते वजन उतरवायच्या प्रोटीन शेकवाले! ओळखीतलीच माणसं, तब्येतीची चौकशी करता करता पावडरचा डबा गळ्यात मारतात.

ताईवर मघाशी खूप चिडले होते. आता गाडी धरणगावच्या पुढे आलीय, जरा निवलेय. तिचं तरी काय चुकलं म्हणायचं. तिने कोणाच्या तोंडाला हात लावायचा? एकदा बाहेर गेलं की पाच गावांत होतं, हे आपल्याकडचं खरंच आहे. पण ताई, उद्या लग्न झालं, पोरीला दिवस गेले, तर ही गोळी बंद करायची नसते, उलट बहुतेकदा डोस वाढवावा लागतो. बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्या थायरॉईडवरच असते. तेव्हा सासरी कुठल्या डब्यात लपवणार ती? ज्या घरात एक छोटी पांढरी गोळी चालत नाही तिथे पोरगी द्यायचीच कशाला?

निघताना भाचीला बाजूला घेऊन म्हटलं, पुढचे पाहुणे आले की गोळी त्यांच्यासमोरच घे, हवं तर मी शेजारी बसते. हसली. म्हणे, "पण मावशी, ती उपाशीपोटी घ्यायची असते ना, पाहुणे पहाटे सहाला येणारेत का?"

असो. कमेंटमध्ये धण्याचं पाणी सुचवू नका, पिऊन झालंय. शेकवाल्यांना सरळ ब्लॉक करणार आहे, नातेवाईक असलात तरी.