औंधच्या संग्रहालयाविषयी खुलासा

‘रविवर्म्याच्या चित्रांचे औंध संग्रहालय पुण्याच्या औंध उपनगरात आहे आणि तिथली चित्रे केवळ छापील प्रती आहेत’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

श्री भवानी चित्र-पदार्थ संग्रहालय सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, औंध गावच्या यमाईच्या डोंगरावर आहे. औंध संस्थानचे अधिपती आणि स्वतः चित्रकार असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. रविवर्मा यांचे ‘सैरंध्री’ हे तिथले चित्र मूळ तैलचित्र आहे. घरोघरी लागलेल्या शिळाछापाच्या तसबिरींशी त्याची गल्लत होऊ नये. युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृतीही संग्रहात आहेत, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच असावे. परंतु ज्यांना युरोप पाहणे शक्य नव्हते अशा प्रजेपर्यंत ती कला पोहोचावी, यासाठी जमवलेल्या प्रतिकृतींवरून सारा संग्रह नकली ठरवणे अन्यायाचे आहे. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे दगडातील मूळ शिल्प याच गावात आहे, ही गोष्ट तर आवर्जून सांगायला हवी.

पाहायला जाणाऱ्यांनी पुण्याची नव्हे, साताऱ्याची वाट धरावी.